शेवटचा बिंदू

प्रणिता,

तुझ्या शोकसभेत मला थेट मंचावर बसवलं होतं. आपल्या कॉलेजचं तेच लाकडी व्यासपीठ, ज्याची डावीकडची फळी तू फर्स्ट इयरला होतीस तेव्हापासून दबते. प्राचार्यांनी सुरुवातीला सांगितलं की आज आपण 'क्षेत्र की बेटी'ला श्रद्धांजली द्यायला जमलो आहोत, आणि पुढची दहा मिनिटं ते स्वतः पांढुर्ण्याला कसे रुजू झाले ते सांगितलं. दोन मिनिटांचं मौन पाऊण मिनिटात आटोपलं, कारण माईकवाल्याला वाटलं मशीन बंद पडली, आणि तो 'हॅलो, हॅलो, चेक' करायला लागला. तू असतीस तर मान खाली घालून खांदे हलवत हसली असतीस. मी हसलो नाही. मी मंचावर होतो.

मग प्राचार्य म्हणाले, "विश्व में सर्वप्रथम जिस बेटी ने यह खोज की, उसे गढ़ने वाले हाथ आज हमारे बीच हैं," आणि माझ्या अंगावर शाल घातली. शोकसभेत शाल देतात हे मला माहीत नव्हतं. टाळ्याही वाजल्या. समोर तिसऱ्या रांगेत तुझी आई होती, डोक्यावरून पदर घेतलेली, आणि तिनंही दोन हात जोडले. माझ्याकडे बघून. त्या क्षणी उठून माईक हातात घ्यायला हवा होता. मी शालीची घडी नीट केली.

तुझं जन्मगाव, पदव्या, पारितोषिकं अशी यादी तिथं वाचून झाली. त्यातल्या दोन गोष्टी चुकीच्या होत्या आणि एक तुझीच नव्हती. मी त्या इथं लिहीत नाही. मला जे तिथं बोलता आलं नाही तेवढंच लिहितो. ते तुला माहीत आहे. इतरांना नाही.

सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचं ठरलं आहे. दारावर संगमरवरी पाटी लागणार. मजकूर मी लिहायचा, कारण या गावात असले मजकूर मीच लिहितो. दोन गोष्टी मात्र त्यात यायलाच हव्यात: तू जगात पहिली, आणि मी तुझा गुरू.

"सोमवार तक दे दीजिए सर," ते म्हणाले. "पत्थरवाला जल्दी कर रहा है।"

तर प्रणिता, दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि पहिली खोटी ठरली ती दुसरीमुळे.

आधी ती प्रयोगशाळा. मागच्या भिंतीला लागून जिनिंग फॅक्टरी, खिडकीच्या जाळीवर कापसाची म्हातारी चिकटलेली. कोपऱ्यात तो विद्युतचुंबक, दोन जाडजूड वेटोळी समोरासमोर, आणि मधल्या फटीत जर्मेनियमचा नखाएवढा तुकडा. चुंबक वाढवत न्यायचा आणि तुकड्याचा विद्युतरोध कसा वाढतो ते मोजायचं. आलेख हळूच वर वळणारी गुळगुळीत रेघ यायला हवा. कसा यायला हवा हे सगळ्यांना माहीत होतं, कारण माझ्या आधीच्या सरांनी काढलेला नमुना आलेख प्लास्टिकमध्ये मढवून भिंतीवर टांगलेला होता. आपल्याकडची पद्धत अशी होती, आणि ती मी पंधरा वर्षं चालवली: आधी भिंतीवरून आलेख उतरवायचा, मग आलेखावरून रीडिंग भरायची. बाहेरून येणारा परीक्षकही त्याच्या कॉलेजात हेच शिकवत असे. त्यामुळे कोणाला त्रास नव्हता.

तू रामाकोन्याहून बसनं यायचीस. घरी मराठी, शाळा हिंदीतून, आणि इंग्रजी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. तुला ही पद्धत कोणी सांगितलीच नव्हती. तू खरोखर रीडिंग घेतलीस, आणि तुझी रेघ वर-खाली वळवळत गेली.

"हा काय साप काढला?" मी विचारलं होतं.

"सर, असंच येऊन राह्यलं."

"असं येत नाही."

"येऊन तं राह्यलं न सर."

मी खिशातून खोडरबर काढून तुझ्या पुढ्यात ठेवला. माझ्या खिशात तो कायम असायचा. मागं तुम्ही मुलं मला काय म्हणायचात तेही मला ठाऊक होतं. तू सगळे बिंदू खोडलेस, इतक्या जोरात की कागद आरपार दिसायला लागला, आणि त्यावर गुळगुळीत रेघ काढून दिलीस. मी खाली 'उत्तम' लिहिलं.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत तू मागच्या खिडकीशी उभी होतीस, भावाचं घड्याळ मनगटावर घालून. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कागद आला. त्यावर दोन ओळी उभ्या पाडलेल्या. एका ओळीत जिनिंगची मोटर लागायची वेळ, दुसरीत आपल्या मीटरचा काटा पडायची वेळ. आकडे जुळत होते.

"मोटर लागली का व्होल्टेज पडते सर. साप माहा नोयता, जिनिंगचा होता."

मी पंधरा वर्षं त्या खोलीत शिकवत होतो. ती मोटर मी दररोज ऐकत होतो, तिच्यामुळे आवाज चढवून बोलत होतो. दोन्ही गोष्टी एकमेकींजवळ ठेवून पाहायचं मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला, एवढं माझ्या बाजूनं लिहू दे. पण संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये मी तो किस्सा असा सांगितला: 'मी पोरीला म्हटलं, बघ बरं, कुठे मोटर आहे का.' तेव्हापासून तो तसाच सांगत आलो. परवा प्राचार्यांनीही तो तसाच सांगितला. तुझ्यादेखत मी तो एकदाच तसा सांगितला होता, आणि तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "हो. सर म्हणले होते."

'मोटर शोध' हा मग आपला शब्द झाला. माझी स्कूटर चालू झाली नाही की तू म्हणायचीस, सर, मोटर शोधा. तुझा पीएच.डी.चा पहिला अर्ज परत आला तेव्हा मी पोस्टकार्डावर तेवढंच लिहिलं होतं. त्याचा अर्थ होता: कारण असतं, सापडतं, रडू नकोस.

तू मोठ्या संस्थेत गेलीस आणि मला कळणार नाही अशा कामाला लागलीस. कळत नाही हे मी कबूल केलं नाही, आणि तू ते चालवून घेतलंस. तुझं काम छापून आल्यानंतरच्या एका दिवाळीत तुमच्या अंगणात तू आईला समजावत होतीस आणि मी संत्रं सोलत ऐकत होतो. माझ्यासाठीच बोलत होतीस, हे आता कळतं. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून वीज वाहते. प्रचंड चुंबक लावला की ते गोल गोल घुमायला लागतात. चुंबक वाढवत नेला की त्या घुमण्याच्या पायऱ्या एकेक करून वर सरकतात, आणि दर पायरीला मोजमापात एक लाट उठते. धातूत या लाटा दिसतात हे जुनं आहे, पुस्तकात आहे. पण विसंवाहकात, म्हणजे ज्यातून वीज जातच नाही अशा स्फटिकात, मोकळं कोणीच नाही. मग घुमणार कोण? लाट यायलाच नको.

"आई, समज सौसरचा बाजार बंद हाय," तू म्हणालीस. "सगळी शटरं खाली. रस्त्यावर कुत्रं नाई. अन् तरी बाजाराचा गलका आयकू येऊन राह्यला."

तुझ्या आईनं तांदूळ निवडता निवडता विचार केला. "मंग शटराच्या आत कोणी असन."

तू टाळी वाजवलीस. "आमचे मोठे मोठे लोक हेच म्हणून राह्यले, आई."

आता त्या दिवसाकडे येतो. इतका वेळ आलो नाही, हे तू पाहतच असशील.

सत्कार, शाल, श्रीफळ यांची मी आयुष्यभर टिंगल केली. गावातल्या निम्म्या मानपत्रांतली विशेषणं माझी आहेत, आणि ती लिहिताना मी हसत असे. एका व्यापाऱ्याला 'कर्मयोगी' लिहिलं, दुसऱ्याच महिन्यात त्याच्या भावाला 'निष्काम कर्मयोगी' लिहिलं, आणि पहिला वर्षभर माझ्याशी बोलला नाही. तू विचारलं होतंस, सर, तुमच्या रिटायरमेंटला कोण लिहीन? मी म्हटलं होतं, मी सत्कार घेणारच नाही.

घेतला. मानपत्रही मीच लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं असतं तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असत्या, असं मी स्वतःला सांगितलं. तृतीयपुरुषी लिहिलं, आणि 'शिष्यांच्या पाठीशी सदैव उभे' हे शब्द त्यात होते.

सत्कार पाच वाजता होता. तुझा फोन साडेतीनला आला. फेटा बांधायला माणूस घरी आला होता आणि बैठकीत पाच-सहा जण चहा पीत होते. एका कानावर फेट्याचा वेढा आलेला, दुसऱ्या कानावर तू.

"सर, कागद भेटला का?"

"भेटला." पाकीट दोन दिवसांपूर्वीच आलं होतं. टेबलावर निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होतं.

"पाह्यला?"

"पाहतो. काय आहे?"

"सर, लाटा येऊन राह्यल्या." तुझा आवाज चढला होता, श्वास लागल्यासारखा. "इन्सुलेटर हाय. करंट जात नाई. तरी येऊन राह्यल्या. गाइड म्हणतात, तुझी खात्री असेल तर लिहायला घेऊ. माझी खात्री हाय बी अन् नाई बी. तुम्ही एकडाव पाहा न सर. तुम्ही म्हणान तसं."

"सर, मान सरळ," फेटेवाला म्हणाला.

मी मान सरळ केली आणि म्हणालो, "प्रणिता, मोटर शोध."

"मोटर?"

"अगं, तुमच्याही मागं कुठे तरी जिनिंग असेलच की."

बैठकीतले लोक हसले. त्यांना अर्थ माहीत नव्हता, पण निवृत्त होणारा माणूस मोठ्या संस्थेतल्या शिष्येला फोनवर काहीतरी मिश्कील सुनावतो आहे एवढं त्यांना कळलं. मला ते हसणं आवडलं. एवढं साधं आहे हे.

"हो सर," तू म्हणालीस. "शोधतो."

पावसाळा गेला, हिवाळा गेला, तू मोटर शोधत होतीस. हीलियमचा पंप बंद करून पाहिलास. इमारतीची लिफ्ट दोन तास थांबवायला लावलीस आणि कोणाच्या तरी शिव्या खाल्ल्यास. तारा बदलल्यास, स्फटिक बदललास, दुसरा केलास, तिसरा केलास. परदेशातल्या दुसऱ्या चुंबकावर वेळ मागून तिथं जाऊन पुन्हा मोजलंस. लाटा तशाच. तू एवढी पक्की खात्री करून घेत होतीस, तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा तरी निबंध छापून आला. तसलाच स्फटिक, तसल्याच लाटा. तुझा त्यानंतर आला. पहिल्यानंतर जो येतो त्याचं नाव पुढच्या निबंधांच्या तळटिपेत येतं, त्याच ओळीत, स्वल्पविरामानंतर.

हे तू मला उन्हाळ्यात सांगितलंस, पांढुर्णा स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर, गाडीची वाट बघत. हसत सांगितलंस.

"सर, मोटर नोयती."

"वा!" मी म्हणालो. आणि मग, देव जाणे का, विचारलं, "पण इतके महिने मोटर कशाला शोधत बसलीस?"

तू कपात बघितलंस. "तुम्ही म्हणले होते न."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काही बोललो असतो. मी दोन चहाचे पैसे द्यायला उठलो, आणि ती वेळ गेली. अशा वेळा पुन्हा येत नाहीत असं नाही. त्या येत राहिल्या, दर सुट्टीत, दर फोनला, आणि मी दर वेळी कशाला तरी उठलो.

मग आपला तो वाद सुरू झाला, जो आता असाच राहणार. मी म्हणायचो, तुझ्या स्फटिकात बनवताना धातूचे कण अडकले असतील, लाटा त्यांच्या. तू म्हणायचीस, कण असते तर लाटा अशा नसत्या सर, आत काहीतरी फिरून राह्यलं जे वीज वाहत नाई. मी विचारायचो, वीज वाहत नाही ते आहे कशावरून? तू म्हणायचीस, लाटेवरून. मग मी नव्या सिद्धान्तांची टर उडवायचो, पोथीला नवं कापड वगैरे, आणि तू हसायचीस. जगातले शहाणे लोकही यावर अजून भांडतात असं तू सांगायचीस, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. बरं का वाटायचं ते मला हे लिहिताना कळलं. लाटा धातूच्या कणांच्या ठरल्या असत्या तर माझी मोटर अगदीच चुकीची ठरली नसती. मी विज्ञानावर वाद घालत नव्हतो. मी माझ्या फेट्यावर वाद घालत होतो.

तुझ्या आजाराबद्दल लिहीत नाही. तुला आवडलं नसतं, आणि मी भेटायला आलो नाही, त्यामुळे मला त्यातलं काही माहीतही नाही. येणार होतो. तिकिटाची चौकशी केली होती. ही वाक्यं किती पडकी दिसतात लिहिल्यावर.

शेवटचा फोन तूच केलास. आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोललीस, संत्र्याला यंदा बहर कसा आहे, जिनिंग बंद पडली म्हणतात ते खरं का. मग म्हणालीस, "सर, तुमच्या सत्काराच्या टायमाचं थे पाकीट. पाह्यलं होतं का मंग तुम्ही?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

"हो गं, पाहिलं की," मी म्हणालो.

"शेवटचा बिंदू पाह्यला?"

"पाहिला."

"काय वाटलं?"

मी शेवटचा बिंदू म्हणजे काय ते न कळता म्हणालो, "ठीक वाटला. छान आहे."

मग हसलीस, तेच, खांदे हलवत, मला दिसत नसलं तरी. "बरं सर. जपजा तब्येतीले."

तुला कळलं होतं. बिंदू 'छान' नसतो. परीक्षेत न वाचलेल्या उत्तराला मी जसं 'उत्तम' लिहायचो तसं मी तुला सांगितलं, आणि माझं 'उत्तम' तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी मी रामाकोन्याला गेलो. सौसरला बस बदलावी लागते. अर्धा तास स्टँडवर बसून मी परत फिरायचं कारण शोधलं, पण रामाकोन्याची बस वेळेवर आली. तुझ्या आईनं ओट्यावर सतरंजी टाकली.

"बसा न सर. चहा ठेवतो."

"चहा नको ताई. थोडं बोलायचं आहे."

"थे पाटीचं न? पिरन्सिपल आले होते. म्हणे, जगात पयली असं लिवतो." त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले. "बाप असता तिचा, तं गावभर सांगत फिरला असता."

मी सांगितलं. फेटा सांगितला, फोन सांगितला, मोटर सांगितली. तू पहिली असतीस आणि नव्हतीस हे सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो, म्हणून खाली बघून एका दमात सांगितलं. पाकिटाचं खोटंही सांगितलं.

त्यांनी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाल्या, "म्हणजे, पयली नोयती?"

प्रणिता, मी आयुष्यात बरेच प्रश्न विचारले, त्यातले बरेच मुलांना रडवण्यासाठी. पण असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता.

"तिनं पाहिलं वेळेवर होतं," मी म्हणालो. "मी थांबवलं."

"थे म्हणे मले," आई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "सरानं काम देल्लं आई, मोटर शोधाले. दिवाळीले बी आली नाई त्या साली. मी म्हटलं, असन बाप्पा मोठं काम." मग त्या माझ्याकडे वळल्या. "काम नोयतं मंग थे."

"नव्हतं."

मी वाट पाहत होतो, की आता त्या मला चार शब्द ऐकवतील, किंवा जाऊ द्या सर म्हणतील. दोन्हींतलं काही झालं असतं तर मी बस पकडून घरी आलो असतो आणि हलकं वाटून झोपलो असतो. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग तवापासून पाह्यला का थो कागद?"

"नाही."

"आता बी नाई?"

"नाही ताई."

"काहून?"

मी पायांनी चपला शोधायला लागलो.

"पयली लिवू नका," त्या उठता उठता म्हणाल्या. "तिले खोटं चालत नोयतं. तुमचं नाव राहू द्या पाटीवर. तुम्ही काय केलं थे बी लिवा. अन् घरी जाऊन कागद पाहा अगुदर."

निघताना त्यांनी पिशवीत संत्री घातली. मी नको म्हटलं नाही. त्या दिवशी नको म्हणायचा अधिकार मला नव्हता.

सोमवारी मी पाटीचा मजकूर दिला. तुझं नाव, खाली दोन ओळी: 'तिने लाटा पाहिल्या. तिच्या शिक्षकाने कागद न पाहता तिला थांबवले.' प्राचार्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"सर, यह शोक में आप..."

"नहीं सर। ऐसा ही हुआ था।"

"मगर सर, बोर्ड पर इतनी जगह नहीं है।"

"'विश्व में सर्वप्रथम' के लिए तो थी।"

ते दुःखी झाले. त्यांनी ठरवलं आहे, फक्त तुझं नाव लावायचं, बाकी काही नाही. तेही बरंच आहे. माझ्या दोन ओळींना तिथं जागा नव्हती, म्हणून त्या इथं आल्या.

पण आईनं सांगितलेलं काम आधीचं होतं, आणि ते मी रामाकोन्याहून आल्या दिवशीच केलं. पाकीट कुठे असेल ते मला नक्की माहीत होतं. सत्काराची शाल, मानपत्र आणि तो गुलाबी फेटा एका पिशवीत आहेत. त्या दिवशी टेबल आवरताना गठ्ठा उचलून मीच त्यात टाकला होता. पाकीट मानपत्राला चिकटलं होतं. ते सोडवताना 'शिष्यांच्या पाठीशी' यातली थोडी शाई पाकिटावर आली.

आत एकच कागद. लाटांचा आलेख, उजवीकडे मोठी होत जाणारी वळणं, प्रत्येक शिखरावर पेन्सिलीचा बारीक बाण, आणि बाणाशेजारी चुंबकीय क्षेत्राचा आकडा. खाली तुझं अक्षर: 'सर, प्रत्येक क्षेत्राचा व्यस्त काढा, एक भागिले क्षेत्र, आणि शिखराच्या क्रमांकासमोर मांडा. मी मुद्दाम मांडलं नाही. तुम्ही मांडा.'

मी कपाटातून जुना आलेखकागद काढला. हे बी.एस्सी.च्या पुस्तकातलं आहे, मीच शिकवत होतो. चुंबक एकसारख्या गतीनं वाढवत नेला, तर मोटरीचा अडथळा ठरावीक वेळानं येईल, म्हणजे क्षेत्राच्या आकड्यांत सारख्या अंतरावर. मोटरीला घड्याळ कळतं, चुंबक कळत नाही. पण इलेक्ट्रॉनांच्या घुमण्याच्या लाटा असतील तर त्यांची अंतरं व्यस्तात सारखी येतील, आणि सगळे बिंदू एका सरळ रेघेवर बसतील. फूटपट्टी, पेन्सिल आणि भागाकार. याहून जास्त काही लागत नाही.

एकेक बिंदू मांडत गेलो. पहिला, दुसरा, तिसरा. पट्टी ठेवली. रेघेवर होते. चौथा, पाचवा, पुढचे, सगळे. इतके सरळ, की मी भिंतीवरच्या नमुन्यावरून उतरवले असते तरी इतके सरळ आले नसते. घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं झाली होती. सत्काराला त्या दिवशी दीड तास होता.

मोटर नव्हती, प्रणिता. फेटा अर्धा बांधलेल्या माणसालाही हे कळलं असतं.

मग शेवटचा बिंदू मांडला. सगळ्यांत उजवीकडचं शिखर, जिथं चुंबक सर्वांत जोरात होता. तो रेघेवर बसला नाही. मी भागाकार पुन्हा केला. पट्टी पुन्हा ठेवली. तो बाजूला होता, थोडाच, पण स्पष्ट. मला वाटतं तुला सगळ्यांत जास्त तोच दाखवायचा होता. बाकीचे बिंदू 'मोटर नाही' एवढं सांगत होते. हा काहीतरी वेगळं सांगत होता, आणि तू त्याबद्दल कोणाशी तरी बोलायला दोन दिवस फोनची वाट पाहून मग स्वतः फोन केला होतास.

माझा हात खिशात गेला. खोडरबर अजून असतो. चाळीस वर्षांची सवय आहे. तो बाहेर काढून मी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला.

तू विचारलं होतंस, शेवटच्या बिंदूचं काय वाटलं. आता पाहिला आहे, म्हणून सांगतो. तो रेघेवर नाही. का नाही ते मला कळत नाही. रीडिंग बरोबर आहे. तसाच ठेवला आहे.